बागेच्या दारासमोरच्या चौकाचा इतिहास कसा लिहावा : बडोद्याच्या कमाटीबागेच्या निमित्ताने

शहरातील जुन्या बागेचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे असते, कारण बाग कोणत्या ना कोणत्या खात्याच्या ताब्यात असते, तिच्या खर्चाच्या नोंदी राहतात आणि तिच्यातील वास्तूंवर बहुधा कोरीव पाट्या असतात. बागेच्या दारासमोरच्या मोकळ्या चौकाला मात्र असा एकच धनी नसतो. कुंपणापर्यंतचे काम उद्यान शाखेच्या वहीत, फरसबंदी आणि डांबर रस्त्यांच्या वहीत, दिवे तिसऱ्याच वहीत, आणि त्या जागेवर दिवसभर माणसे काय करत होती याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही, अशी त्याची स्थिती असते. म्हणून अशा चौकाचा इतिहास लिहायचा तर कामाची पद्धत थोडी वेगळी ठेवावी लागते. आमच्या बडोद्यातील सयाजीबागेच्या, म्हणजे आम्ही सगळे जिला अजूनही कमाटीबाग म्हणतो तिच्या, काळ्या घोड्याजवळच्या, म्हणजे महाराज सयाजीराव गायकवाडांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळच्या, दारासमोरील चौकावर काम करताना जी पद्धत उपयोगी पडली, ती येथे मांडली आहे. ग्वाल्हेर, इंदूर किंवा पुणे येथील कोणत्याही जुन्या बागेच्या दाराला ती थोड्या फेरफाराने लागू पडावी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चौकात काय काय बांधले गेले याची यादी म्हणजे चौकाचा इतिहास, असे धरून मी पहिले दोन महिने वाया घालवले. चौक बदलतो तो येणाऱ्या माणसांमुळे. बग्गीला वळायला जागा लागते, टांग्यांना अड्डा लागतो, सायकलींना कठडा, स्कूटरींना रांग, मोटारींना सगळीच जागा लागते. कमान, कारंजे, गोल बेट, लोखंडी खांब हे सगळे त्या येण्याजाण्याचे मागाहून दिसणारे ठसे असतात. तेव्हा प्रत्येक काळाला एकच प्रश्न विचारावा : त्या वेळी बागेत कोण येत होते, कोठून येत होते, कशात बसून येत होते आणि दाराशी आल्यावर त्यांना कोठे थांबावे लागत होते?

हद्द आधी ठरवावी

कामाला लागण्यापूर्वी चौक कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कागदावर काढून घ्यावे, कारण ही हद्द लिहिणाऱ्यानेच ठरवायची असते. फाटक आणि पुतळ्याचा चौथरा एवढाच भाग घेतला तर लेख आटोपशीर होतो, पण त्यातून फारसे कळत नाही. आमच्या चौकाचे पाहा. स्टेशनाकडून येणारा रस्ता सयाजीगंजातून, घुमटाच्या जुन्या बडोदा कॉलेजाच्या अंगाने काळ्या घोड्याशी येतो आणि पुढे विश्वामित्रीवरचा पूल ओलांडून कोठी आणि रावपुऱ्याकडे जातो. नदीच्या पूर्वेला जुने शहर, पश्चिमेला स्टेशन आणि कॉलेज, आणि बाग स्वतः नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली. म्हणजे हा चौक बागेचे दार तर आहेच, शिवाय दोन बडोद्यांचा सांधाही आहे. आगगाडी बडोद्यात आली ती १८६० च्या दशकात आणि बाग झाली १८७९ मध्ये. स्टेशनावर उतरून शहरात जाणाऱ्या पाहुण्याला वाटेतच बाग लागावी, ही योजना असो की योगायोग, चौकाच्या पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ त्या क्रमात आहे. म्हणून मी हद्द एका बाजूला कॉलेजपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला पुलाच्या तोंडापर्यंत धरली.

हद्द ठरली की कागद शोधण्याआधी त्या जागी तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन उभे राहावे : पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या वेळी, भर दुपारी आणि रविवारी संध्याकाळी. या तीन फेऱ्यांत काही लिहिण्याची घाई करू नये. लोक रस्ता कोठे ओलांडतात, आखून दिलेली वाट सोडून कोठून जातात, लहान मुलाला कडेवरून खाली कोठे उतरवतात, एवढेच पाहावे. आजची गर्दी ज्या जागी अडते, तेथे बहुधा पूर्वी काहीतरी वेगळे होते, असा माझा अनुभव आहे.

तारखांचा सांगाडा आणि त्यातील खाचखळगे

त्यानंतर तारखांचा सांगाडा उभा करावा. आमच्या चौकाचे खुंट असे आहेत : मल्हारराव गायकवाड १८७५ मध्ये पदच्युत झाले आणि त्याच वर्षी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला, १८७९ मध्ये बाग, १८८१ च्या डिसेंबरात सयाजीरावांना पूर्ण अधिकार, १८९४ मध्ये बागेतील संग्रहालयाची इमारत पूर्ण, १९०७ च्या रौप्यमहोत्सवानिमित्त महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा, शिल्पकार फ्रान्सिस डरवेंट वुड, १९३९ मध्ये महाराजांचे निधन, १९४९ मध्ये बडोदा संस्थानाचे मुंबई राज्यात विलीनीकरण, १९६० मध्ये गुजरात राज्य, आणि १९७४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बरोडाऐवजी वडोदरा. हे खुंट पक्के असले तरी त्यांना दोर बांधताना तीन ठिकाणी माणूस हमखास घसरतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली घसरण कर्त्याची. ‘सयाजीरावांनी १८७९ मध्ये बाग बांधली’ हे वाक्य आपण सगळेच सहज लिहितो. परंतु महाराजांचा जन्म १८६३ चा. त्या वर्षी ते सोळा वर्षांचे विद्यार्थी होते आणि राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. त्यामुळे बागेसंबंधीचा मूळ हुकूम शोधताना माधवरावांच्या कारकिर्दीचे कागद पाहावेत. सयाजीरावांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. संग्रहालय, चित्रशाळा आणि बागेचे पुढचे सारे रूप त्यांच्याच काळातले आहे. ‘कोणाच्या नावाने’ आणि ‘कोणाच्या सहीने’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, एवढेच.

दुसरी घसरण महोत्सवांची. रौप्यमहोत्सव १९०७ मध्ये झाला आणि हीरकमहोत्सव १९३६ मध्ये. पंचवीस आणि साठ यांची वजाबाकी केली तर पहिल्याची सुरुवात १८८१-८२ मध्ये पडते आणि दुसऱ्याची १८७५-७६ मध्ये. एक मोजणी अधिकारग्रहणापासून केलेली आहे आणि दुसरी गादीवर येण्यापासून. ज्या पाटीवर फक्त ‘महोत्सवानिमित्त’ एवढेच कोरलेले असेल आणि वर्ष झिजून गेलेले असेल, त्या पाटीचे वर्ष नुसत्या वजाबाकीने काढायला गेल्यास सहा वर्षांची चूक होते.

तिसरी घसरण वर्षाच्या हिशोबाची. बडोदा संस्थानाचे सरकारी वर्ष ३१ जुलैला संपत असे, त्यामुळे ‘१९०६-०७’ च्या वार्षिक अहवालातील काम ऑगस्ट १९०६ ते जुलै १९०७ या दरम्यानचे असते. ते एप्रिल ते मार्च असे समजू नये. गुजराती पाट्यांवर विक्रम संवत असतो आणि तो येथे कार्तिकात सुरू होतो. म्हणून कार्तिक ते डिसेंबरअखेर संवतातून ५७ वजा करावेत आणि जानेवारीपासून पुढे ५६. संवत १९६३ म्हणजे दिवाळी १९०६ ते दिवाळी १९०७. मराठी पाटीवर शके असेल तर ७८ मिळवावेत, आणि चैत्रापूर्वीचे इंग्रजी वर्षाचे पहिले महिने असतील तर ७९. एकाच चौकात तीन कालगणना भेटू शकतात, तेव्हा टिपणवहीत मूळ आकडा जसाच्या तसा उतरवावा आणि रूपांतर शेजारी वेगळे लिहावे.

याशिवाय एकाच वास्तूला अनेक वर्षे चिकटलेली असतात. बागेतील चित्रशाळेचे बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले, १९१४ मध्ये पुरे झाले आणि युद्धामुळे युरोपातील चित्रे येण्यास उशीर होऊन ती लोकांसाठी उघडली १९२१ मध्ये. कोणी १९०८ लिहितो, कोणी १९२१, आणि दोघेही बरोबर असतात. चौकाला या प्रकरणात रस आहे तो उघडण्याच्या वर्षात, कारण दाराशी गर्दी वाढते ती त्या वर्षी.

कागद कोठे आणि कोणत्या शब्दांनी शोधावेत

बडोद्यातील कामासाठी कोठी येथील अभिलेखागार, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय ही तीन ठिकाणे आधी करावीत. संस्थानची ‘आज्ञापत्रिका’ म्हणजे सरकारी राजपत्र, वार्षिक राज्यकारभाराचे अहवाल आणि १८८३ व १९२३ ची गॅझेटिअरे यांतून पहिला हात फिरवता येतो. गॅझेटिअरांचा उपयोग जपून करावा. त्यांत बागेचे वर्णन असते, पण दारासमोरची जागा लेखकाच्या लेखी बहुधा वर्णनास पात्रच नसते. मला उपयोगी पडल्या त्या त्यापेक्षा रूक्ष गोष्टी : खर्चाच्या मंजुरी, निविदा, दुरुस्तीचे अंदाज. कठडा रंगवण्याचा खर्च मंजूर झाला म्हणजे कठडा होता. तीन वर्षांनी तो खर्च थांबला म्हणजे कठडा गेला असावा, किंवा तो दुसऱ्या खात्याकडे गेला असावा.

शोधताना एकाच शब्दावर अडून राहू नये. शहर ‘बडोदे’, ‘बडोदा’, ‘बरोडा’ आणि ‘वडोदरा’ या चारही रूपांत शोधावे लागते. बाग ‘कमाटीबाग’, ‘सयाजीबाग’ आणि इंग्रजी कागदांत नुसतीच ‘पब्लिक पार्क’ अशी भेटते. चौकाला तर नावच नसते. म्हणून ‘दरवाजा’, ‘देवडी’, ‘फाटक’, ‘कठडा’, ‘चौथरा’, ‘दिवे’ आणि ‘टांगा स्टँड’ अशा वस्तूंच्या नावांनी त्याच्यापर्यंत पोहोचावे. जुने गायकवाडी दप्तर मोडीत आहे; मोडी वाचणारा जाणकार सोबत असल्याखेरीज त्यातून निष्कर्ष काढू नयेत, कारण मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा आधार नसतो आणि घाईने वाचणाऱ्याला हवे तेच दिसू लागते. नंतरचे कागद गुजरातीत आणि इंग्रजीत आहेत. ज्या बडोदेकर मराठी घरांत मुले गुजराती शाळेत शिकली, त्यांना या कामी आपोआपच एक सोय आहे.

‘काळा घोडा’ हा शब्द घातलात की शोधात मुंबईच येऊन बसते, हेही लक्षात ठेवावे. मुंबईचा काळा घोडा म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढच्या सातव्या एडवर्डचा, बोहमने केलेला पुतळा. तो १८७९ मध्ये उभा राहिला आणि १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या राणीबागेत नेण्यात आला. आमची बागही १८७९ चीच. दोन्हीकडे १८७९, दोन्हीकडे काळा घोडा, दोन्हीकडे बाग. बडोद्याच्या घोड्याला १८७९ हे साल चिकटवलेली टिपणे मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्यांतील एक माझ्याच वहीत होते.

खर्चाचे आकडे देताना रुपया कोणता ते पाहावे. जुन्या हिशोबांत बाबाशाही, म्हणजे बडोदा संस्थानचे स्वतःचे, रुपये असतात, नंतरच्या हिशोबांत कलदार, म्हणजे ब्रिटिश सरकारचे. दोन्ही एकाच रकान्यात मांडून ‘खर्च इतका वाढला’ असे लिहिणे अप्रामाणिक ठरते. बागेची आखणी करणाऱ्यांचाही काळ तपासावा. जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल १८९३ मध्ये बडोद्यात आले आणि १९०८ च्या सुमारास म्हैसूर संस्थानात गेले, म्हणजे घोड्याचा पुतळा आला तो त्यांच्या बडोद्यातील दिवसांच्या अखेरीस. त्यांच्या काळाचा माग काढायचा असल्यास बंगळूरकडेही पाहावे लागते.

अलीकडच्या पन्नास वर्षांसाठी जुन्या दप्तरापेक्षा माहितीच्या अधिकाराचा अर्ज अधिक उपयोगी पडतो. ‘चौकाची माहिती द्यावी’ असा अर्ज केला तर ‘अशी माहिती या शाखेत उपलब्ध नाही’ एवढे उत्तर तीस दिवसांत येते, आणि ते खरेही असते. त्याऐवजी अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत फाटक, फरसबंदी आणि वाहनतळ यांवरील कार्यादेशांच्या प्रती मागाव्यात आणि प्रत्येक शाखेला वेगळा अर्ज करावा.

छायाचित्रे वाचण्याची रीत

जुनी छायाचित्रे आणि पोस्टकार्डे जमली की त्यांचे आधी दोन ढीग करावेत : पुतळा असलेली आणि पुतळा नसलेली. पहिला ढीग १९०७ किंवा त्यानंतरचा. दुसरा ढीग आधीचाच असेल असे मात्र समजू नये, कारण छायाचित्रकाराने पुतळ्याकडे पाठ करूनही फोटो काढलेला असू शकतो. त्यानंतर विजेचे खांब, तारा, चाकांची जात आणि माणसांच्या डोक्यावरचे वेष्टन या क्रमाने पाहावे. बडोद्याची पगडी, काळी टोपी, मग उघडे डोके, हा क्रम सालाइतका नेमका नसतो, परंतु दशक सांगायला पुरतो.

छापताना उलटी झालेली चित्रे हा या कामातील मोठा धोका आहे. एका पोस्टकार्डावर फाटक घोड्याच्या विरुद्ध अंगाला दिसत होते आणि त्यावरून मी ‘दार पूर्वी दुसऱ्या बाजूस होते’ असा एक उत्साही परिच्छेद लिहून टाकला. पुढे भिंगातून पाहता मागच्या पाटीवरची अक्षरे उलटी दिसली. काच उलटी ठेवून छापलेले ते चित्र होते. तेव्हा अक्षरे, शिपायाच्या कमरेची तलवार, अंगरख्याचे बंद यांपैकी जे दिसेल ते आधी तपासावे आणि मगच दिशेबद्दल बोलावे. सावलीवरूनही दिशा कळते, पण बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. वर्षभर दुपारची सावली उत्तरेकडे पडते हे खरे असले तरी जूनमध्ये आणि जुलैच्या आरंभी ती काही दिवस दक्षिणेकडे पडते. एरवी पावसाळी ढगांमुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही; फोटोत मात्र तेवढ्यावरून उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल होऊ शकते.

अलीकडच्या वीसेक वर्षांसाठी गूगल अर्थवरील जुनी उपग्रहचित्रे पाहावीत. एकाच जागेची वर्षावर्षाची चित्रे एकापुढे एक लावली की गोल बेट केव्हा वाढले, वाहनांची रांग कोणत्या बाजूला सरकली, कोणते झाड गेले, हे पाच मिनिटांत दिसते.

जमीन वाचणे

कागद थांबतात तेथे जमीन बोलू लागते. मोजपट्टी, वही आणि एक सोबती घेऊन सकाळी लवकर जावे. सोबती रहदारीकडे लक्ष ठेवण्यासाठी. चौथऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांच्या तळाशी असलेल्या पायऱ्या आणि कंगोरे मोजावेत. डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत गेले की खालची पायरी अर्धी बुडते, आणि सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी असताना सर्वांत खालची तेवढी बुटकी दिसली तर फरक तितका रस्ता वर आला आहे, असे समजावे. दगडी खांबांना जुन्या बिजागरीची भोके, शिसे भरलेले खिळे किंवा निराळ्या रंगाचा चुना दिसला तर त्याचे चित्र काढून ठेवावे. कोपऱ्यावरच्या दगडांना आडवे घासे असतील तर ते कोणत्या उंचीवर आहेत ते पाहावे. टांग्याच्या चाकाच्या आसाची उंची आणि मोटारीच्या बंपरची उंची सारखी नसते.

विटेचा आकार, जोडातील माल आणि दगडावरचे छिन्नीचे काम यांवरून दुरुस्ती ओळखता येते, पण वय ठरवण्याचे काम जाणत्या गवंड्यावर किंवा वास्तुकलेच्या शिक्षकावर सोपवावे. येथे हौशी माणसाने आत्मविश्वास दाखवू नये.

आमच्या चौकाला नदीचाही एक अध्याय आहे. पावसाळ्यात बडोद्यातील घरोघरी विचारले जाते ते ‘काळ्या घोड्याला पाणी किती आले?’ विश्वामित्रीची पातळी तेथील पुलाशी मोजली जाते, धोक्याची खूण २६ फुटांवर आहे, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते. हे फूट नदीच्या मोजपट्टीवरचे आहेत, चौकातील फरशीवरचे नाहीत, ही खबरदारी घेऊनच ते आकडे वापरावेत. तरी पुरांची नोंद ठेवणे आवश्यक आहे, कारण पूर ओसरल्यावर जी दुरुस्ती होते तिच्यात बरेचदा फरशी बदलते, कुंपण बदलते आणि दुकाने पूर्वीच्या जागी परत येत नाहीत. १९२७ च्या जुलैतील मोठ्या पुरानंतरच्या आणि २०१९ व २०२४ नंतरच्या मंजुरी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पुतळा आणि कारंजी यांना अचल मानू नये, हे मुंबईच्या घोड्याने दाखवून दिलेच आहे. परदेशातील एक उदाहरण या बाबतीत बोलके आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे प्रॉस्पेक्ट पार्कच्या दाराशी उद्यानरचनाकार ओल्मस्टेड आणि वॉक्स यांनी १८६७ मध्ये लंबवर्तुळाकार चौक आखला. तेथे १८६९ मध्ये लिंकनचा पुतळा बसला. १८९२ मध्ये सैनिक आणि खलाशांच्या स्मरणार्थ भव्य कमान उभी राहिली. त्याच दशकात लिंकनला चौकातून उचलून बागेच्या आत नेले. १९२६ मध्ये चौकाचे नावच ‘ग्रँड आर्मी प्लाझा’ झाले, आणि पूर्वीची कारंजी जाऊन १९३२ मध्ये आजचे बेली कारंजे आले. बागेत शिरण्यापूर्वी माणसाने गावाचा गोंगाट मागे टाकावा म्हणून केलेला तो मोकळा चौक पुढे मोटारींच्या प्रवाहातले बेट झाला. आमच्याकडचा क्रम वेगळा असला तरी त्याची तपासणी याच प्रश्नांनी करावी : कोणती वस्तू आधी आली, कोणती हलली, आणि ती हलवण्याचे कारण शोभा होते की रहदारी?

माणसांना विचारताना

सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत निसरडा पुरावा माणसांकडे असतो. दांडिया बाजार, रावपुरा आणि वाडी या भागांतील जुन्या मराठी घरांतून मी जे ऐकले, त्यातून चौकाचे जे चित्र तयार झाले ते कोणत्याही अहवालात नाही. मात्र प्रश्न कसे विचारावेत ते आधी शिकावे लागते. ‘आजोबा, फाटक कधी बदलले?’ असे विचारले तर आजोबा आपल्याला हवे ते साल देऊन मोकळे होतात. ‘तुम्ही बागेत पहिल्यांदा कोणाचे बोट धरून गेलात आणि कोठे उतरलात?’ असे विचारले की माणूस खरोखर आठवू लागतो. एका आजींनी सांगितले की लग्नानंतर त्या जावेबरोबर रावपुऱ्यातून टांग्याने बागेत गेल्या तेव्हा टांगेवाल्याने त्यांना पुलाच्या अलीकडेच उतरवले आणि ‘पुढे उभे राहू देत नाहीत’ असे म्हटले. कोणी उभे राहू देत नव्हते, कोणत्या हुकुमाने, हा धागा मग मला कागदांकडे परत घेऊन गेला.

साल काढायचे असेल तर आठवणीला खुंट द्यावा. विलीनीकरणाच्या आधी की नंतर, गुजरात वेगळे झाले तेव्हा तुम्ही कितवीत होता, १९७४ च्या नवनिर्माण आंदोलनात तो रस्ता बंद होता का, राजवाड्यातली छोटी आगगाडी बागेत येऊन लागली होती का, असे विचारले की पाच-सहा वर्षांच्या अंतरात उत्तर येते. एकच आठवण दोन वेगळ्या घरांतून, एकमेकांना न कळता आली, तर तिचे वजन वाढते. दोन्ही घरांत एकच वर्तमानपत्री पुरवणी कापून ठेवलेली आढळली, तर ते वजन पुन्हा कमी होते.

लारी-गल्लेवाल्यांना, म्हणजे हातगाडीवर विकणाऱ्यांना, मात्र विसरू नये. खरे तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. सेवउसळीची, शेंगांची, फुग्यांची लारी गेली तीस वर्षे कोणत्या झाडाखाली उभी होती, ती केव्हा आणि किती पावले सरकली, आधी तेथे वडील उभे राहत होते का, ही माहिती म्हणजे चौकाच्या बदलाचा पावलांनी मोजलेला नकाशा असतो. हे लोक आपल्याशी बोलताना सावध असतात आणि त्यांनी तसे असणे योग्यही आहे, कारण वही घेऊन येणारा माणूस त्यांना सहसा उठवायला आलेला असतो. म्हणून आपण कोण, लेख कोठे जाणार, नाव छापणार की नाही, हे काकांना आणि मावशींना आधी नीट सांगावे, गिऱ्हाइकाच्या वेळी अडवू नये आणि त्यांची आजची जागा ओळखू येईल असे काही लिहू नये.

लिहायला बसताना

लेखाचे भाग राजवटींप्रमाणे पाडण्याचा मोह होतो. तो टाळून येण्याच्या साधनांप्रमाणे भाग पाडावेत : बग्गी आणि पालखीचा चौक, टांग्यांचा चौक, सायकलींचा, स्कूटरींचा, मोटारींचा. या भागांच्या हद्दी एकमेकींत मिसळतात, आणि त्या मिसळू द्याव्यात. टांगा आणि मोटार बराच काळ एकमेकांशेजारी उभे होते. प्रत्येक भागासाठी चौथऱ्याचा मध्य हा स्थिर बिंदू धरून एकाच प्रमाणावर एक नकाशा काढावा आणि तो पारदर्शक कागदावर काढावा, म्हणजे एकावर एक ठेवल्यावर फाटक, वळण आणि उभे राहण्याची जागा कशी सरकत गेली ते वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. चौथरा स्वतः हललेला नाही याची खात्री कागदांतून आणि छायाचित्रांतून आधी करून घ्यावी.

भाषेच्या बाबतीत मी एक नियम पाळतो. कागदावर सापडलेली गोष्ट ‘झाली’ असे लिहावे, जमिनीवरून किंवा चित्रावरून काढलेली गोष्ट ‘झाली असावी’ असे लिहावे आणि ऐकलेली गोष्ट ‘झाली असे सांगतात’ असे लिहावे. मराठीने ही सोय क्रियापदातच करून ठेवली आहे, त्यामुळे लेखात तळटिपांची दाटी न करताही वाचकाला प्रत्येक वाक्याचे वजन कळते. संपादन करताना ‘असावी’ हा शब्द वाक्य जड करतो म्हणून काढून टाकण्याची सूचना येते. माझ्या एका जुन्या टिपणातून तो असाच काढला गेला आणि माझा तर्क आज दोन ठिकाणी तारखेसह वस्तुस्थिती म्हणून फिरतो आहे. तेव्हा छापण्यापूर्वीचे शेवटचे वाचन फक्त क्रियापदांसाठी करावे.

मसुदा तयार झाला की मोठ्या अक्षरांत, रुंद समास सोडून, त्याच्या चार-पाच प्रती काढाव्यात आणि रविवारी सकाळी साडेसहाला त्या घेऊन चौकातच जाऊन बसावे. फिरायला आलेली म्हातारी मंडळी थांबतात, नकाशांवर बोट ठेवतात आणि ‘छे हो, येथे नव्हते, तेथे होते’ असे म्हणतात. त्यांनी सांगितलेली जागा, अंदाजे वर्ष आणि त्या दिवशी ते कशात बसून आले होते, एवढे समासात टिपावे. एखाद्याला नीट सांगता आले नाही, तर पेन त्याच्या हातात देऊन त्यालाच नकाशावर खूण करायला सांगावे.